भोपळा, फीचा हप्ता आणि पलंगाखालचा डबा

*काकू, सलाम.*

*मी नगर जिल्ह्यातली, वय ३९. मिस्टर एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत, हातात २६ हजार येतात. मी शिवणकाम करते, महिन्याला सात-आठ हजार सुटतात. दोन मुलं, सासूबाई आमच्याजवळ. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण झाला. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव. एका भोपळ्यावर बोली लागली. समोरून बँकेतल्या एका साहेबांनी सहा हजार म्हटलं आणि ह्यांनी उभं राहून साडेसहा! टाळ्या झाल्या, माइकवरून नाव घेतलं. मुलीच्या अकरावीच्या फीचा सात हजारांचा हप्ता थकलेला आहे, हे त्यांना माहीत होतं. घरी आल्यावर मी बोलले, तर म्हणाले, 'देवाला दिलंय, देव दुपटीनं देईल.' बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन तोंडपाठ आहे त्यांना. आमचे पाळकसाहेबही सांगतात की दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, पूर्ण पगारावर हवा, पीएफ कापायच्या आधीच्या. दर तीन महिन्यांनी कोणी किती दिलं ती यादी वाचली जाते.*

*मी चिडून द्यायचंच बंद केलं. अर्पणाची थैली आली की तशीच पुढे सरकवते. आणि काकू, सासूबाई रोज कणीक मळायच्या आधी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकतात, फार जुनी सवय आहे त्यांची. परवा मी त्यांच्यावर ओरडले, 'पीठ फुकट येतं का?' त्या काही बोलल्या नाहीत. डबा उचलून पलंगाखाली ठेवला. तेव्हापासून मन खातंय. देणं ख्रिस्ती माणसासाठी खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? असेल तर आमच्यासारख्यांनी कुठे थांबायचं?*

*– एक बहीण*

बाई गं, सलाम.

तुझ्या वयाची माझी धाकटी लेक आहे, तेव्हा अगं-तुगं करते, राग मानू नकोस. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भोपळ्याला हसले. खोटं कशाला बोलू? पाळकीण म्हणून पस्तीस वर्षं असले लिलाव पहिल्या बाकावर बसून पाहिलेत मी. एका साली पाच लिंबं बाराशेला गेली होती आणि घेणाऱ्याच्या बायकोचा चेहरा त्या लिंबांहून आंबट झाला होता. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पलंगाखालच्या डब्यापाशी अडकले. तुझा खरा प्रश्न तिथं आहे. पण फीची तारीख डोक्यावर आहे, म्हणून आधी भोपळा.

फी आधी भर. दशमांश, वर्गणी, इमारत फंड, सगळ्याच्या आधी. हे मी व्यवहार म्हणून सांगत नाही, वचन म्हणून सांगते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूशी लोकांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांवर, चिडतो ते नेमकं ह्याच गोष्टीवरून. म्हाताऱ्या आईबापाला द्यायचा पैसा 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेला आहे, असं एकदा म्हटलं की मुलगा मोकळा, अशी पळवाट त्यांनी काढली होती. येशू सरळ म्हणतो, तुम्ही आपल्या संप्रदायानं देवाचं वचन रद्द करता. तिथं आईबाप आहेत, तुझ्याकडे लेक आहे, पण मेख एकच. घरात ज्याचं देणं लागतो त्याच्या हातून काढून देवाच्या नावानं टाकलेला पैसा देवानं मागितलेलाच नाही. प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. ह्याहून कडक भाषेत मलासुद्धा लिहिता आलं नसतं.

आता तुझ्या नवऱ्याविषयी. त्याच्यावर फार तुटून पडू नकोस. लिलाव ही मुळात गोड गोष्ट आहे. शेतकऱ्याकडं रोकड नसायची, त्यानं पोतंभर ज्वारी आणावी, कोणी कोंबडी, कोणी परसातली वांगी. मग ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यानं ते विकत घ्यायचं, की दाण्यांचे झाले पैसे. गरिबाचं देणं आणि नोकरदाराचं देणं एकाच टोपलीत पडायचं. पुढं बोली चढायला लागली आणि टोपलीपेक्षा टाळ्यांना मोल आलं. तुझा नवरा दिवसाचे आठ-दहा तास मशीनसमोर उभा असतो. तिथं त्याचं नाव घेऊन कोणी टाळ्या वाजवत नाही. बँकेतल्या साहेबासमोर उभं राहून 'साडेसहा' म्हणताना त्याची छाती कशी फुगली असेल ते मला दिसतं. ती घटकाभराची ऊब त्यानं साडेसहा हजारांना घेतली, भोपळा वरकड आला. महाग पडली, पण माणूस वाईट नाही.

त्याचं मलाखीचं वचन मात्र नीट उघडून वाचायला हवं. तो दहावी ओवी म्हणतो ना, 'सगळा दशमांश भांडारात आणा'? त्याच ओवीत पुढं कारण दिलंय: माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून. भांडार म्हणजे कोठार होतं गं, धान्याचं. त्यातून लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारं कूळ, खायचे, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. आणि बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढ, तुझा नवरा चाट पडेल. तिथं म्हटलंय की वाट लांबची असेल आणि दशमांश वाहून नेणं जड जात असेल तर तो विकून पैसे करा, आणि तिथं पोचल्यावर मन मागेल ते घेऊन आपल्या कुटुंबासह देवापुढं खा आणि आनंद करा. शिवाय दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा ह्यांनी पोटभर खावं म्हणून. मलाखीच्या त्याच अध्यायात पाचव्या ओवीत देव कोणावर रागावलाय तेही बघ: मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर, विधवेला आणि पोरक्याला छळणाऱ्यांवर. दहावी ओवी भिंतीवर टांगतात, पाचवी कोणी टांगलेली मी आजवर पाहिली नाही.

पीएफच्या आधी की नंतर, ह्याचं उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात नाही. त्याच्या काळी हिशेब धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा नि गुरामेंढरांचा होता. नव्या करारात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत टक्केवारी मला कुठंच सापडली नाही, आणि मी शोधली आहे, कारण आमच्या ह्यांच्याशी ह्यावरून माझे वाद व्हायचे. येशूनं पुदिना, शेप, जिरं ह्यांच्या दशमांशाचा उल्लेख केला तो असा की तेवढं मोजता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. म्हणजे दशमांश टाकाऊ नाही. दहातला एक हे माप चांगलं आहे, जमेल त्यानं जरूर धरावं, पुष्कळांना ते वाढवूनही चालेल. पण ज्याच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला डब्याचा तळ दिसतो त्याच्या मानेवर ते जू म्हणून ठेवू नये. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय देण्यावरच लिहिलेले आहेत. त्यात पौल म्हणतो की मनाची तयारी असली म्हणजे माणसाजवळ जे आहे त्या मानानं देणं मान्य होतं, नाही त्या मानानं नाही. लगेच पुढं म्हणतो, दुसऱ्यांचं ओझं उतरवून तुमच्यावर लादावं असा माझा हेतू नाही. आणि मनात ठरवल्याप्रमाणं द्या, कुरकुरत नको, भाग पडतं म्हणून नको. 'मनात ठरवल्याप्रमाणं' ह्यावर बोट ठेव. लिलावात माणूस मनात ठरवत नाही, समोरच्याच्या आकड्यावर ठरवतो.

आणि ते 'दुपटीनं देईल'. देव म्हणजे भिशी आहे का, आपला नंबर लागला की उचल घ्यायला? नवव्या अध्यायात आशीर्वादाचं वचन आहे, नाही असं नाही. पण देव तुम्हाला संपन्न करतो तो कशासाठी, तर तुम्हाला आणखी उदार होता यावं म्हणून, असं ते वाक्य आहे. परतफेड म्हणून हातात पडलं तरी ते पुन्हा पुढं सरकवण्यासाठीच. हे तुझ्या नवऱ्याला भांडणात ऐकवू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून ते दोन अध्याय वाचा, तू बोलू नकोस, पौलाला बोलू दे.

इथवर तुझी बाजू झाली. आता तुला थोडं झोंबेल असं लिहिते.

आमच्या ह्यांची नेमणूक एका आडगावच्या मंडळीत होती तेव्हाची गोष्ट. पंचांचं आणि ह्यांचं कशावरून तरी बिनसलं आणि त्यांनी चार महिने पगार अडकवला. दोन लहान मुलं, किराण्याची उधारी. मी ठरवलं, ह्या लोकांच्या थैलीत माझा एक पैसा पडणार नाही. दर रविवारी मी थैली पुढं सरकवायची, तुझ्यासारखीच. मला वाटायचं मी पंचांना शिक्षा करते आहे. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की पाहुणा आला की मी चहात दूध कमी घालते आहे. भांडी घासणाऱ्या बाईला उरलेली भाकरी द्यायची ती मी फडक्यात बांधून ठेवायला लागले. शेजारणीनं विरजण मागितलं तर 'आज लावलंच नाही' असं खोटं बोलले. मूठ मी पंचांवर आवळली होती, पण ती एका माणसापुरती आवळता येत नाही, हे मला त्या विरजणावरून कळलं. पंचांना पत्ताही नव्हता.

तुझंही तेच होतंय. तू रागावलीस लिलावावर, यादीवर, नवऱ्यावर, आणि ओरडलीस कोणावर? जिनं ना कधी बोली लावली, ना जिचं नाव माइकवर आलं, तिच्यावर.

त्या गावात रविवारी दुपारी अर्पण आमच्या घरी मोजलं जायचं. खजिनदार आणि दोघे पंच सतरंजीवर बसायचे, मी चहा करायची आणि येता-जाता बघायची. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावायच्या, नोटा सरळ करायच्या. थैलीत काय काय निघतं म्हणून सांगू! शर्टाचं बटण, बसचं तिकीट, एकदा बडीशेप. त्या सगळ्यात दर रविवारी एक दहाची नोट असायची, दोनदा घडी घातलेली, सुपारीएवढी झालेली आणि कडेला हळद लागलेली. कोणीतरी बाई स्वयंपाकातून उठून ती घेऊन येत असणार. एका पावसाळ्यात तीन रविवार ती नोट आली नाही. ओढ्याला पाणी होतं, पलीकडच्या वस्तीवरची माणसं येऊ शकत नव्हती. चौथ्या रविवारी थैली पालथी केली तर चार नोटा निघाल्या, चारही तशाच घडीच्या, चारही हळदीच्या. न येता आलेल्या रविवारांचंही त्या बाईनं बाजूला काढून ठेवलं होतं. पौलानं करिंथच्या मंडळीला हेच लिहिलं होतं, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीच्या मानानं आपल्याजवळ काढून ठेवावं. खजिनदारानं त्या नोटा उलगडून इतर नोटांत मिसळल्या. ती कोण, मला कधीच कळलं नाही. सुरुवातीला मी बायकांच्या बोटांकडं बघायची, नंतर बघणं सोडलं.

पुढच्या रविवारी मी थैलीत पैसे टाकले. पगार अजून अडकलेलाच होता.

तू विचारतेस, देणं इतकं महत्त्वाचं का. मी पाळकाची बायको, मला मंडळीच्या बाजूनं बोलणं भाग आहे असं वाटेल, म्हणून शत्रूचा दाखला देते. इ. स. ३६२ साली रोमचा बादशहा जुलियन, ज्याला ख्रिस्ती धर्म मोडून जुन्या देवतांची पूजा पुन्हा उभी करायची होती, त्यानं आपल्या एका पुरोहिताला पत्र लिहिलं. त्यात त्याची तक्रार अशी, की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) त्यांचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात, आणि आपल्याला शरम वाटायला हवी. त्याच्या दोनशे वर्षं आधी रोममध्येच जस्टिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकानं बादशहाला लिहिलेल्या अर्जात रविवारच्या उपासनेचं वर्णन केलंय: ज्यांना शक्य आहे आणि इच्छा आहे ते आपापल्या मर्जीनं देतात, ते पुढाऱ्याजवळ जमा होतं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे ह्यांना मदत जाते. म्हणजे भजन आणि वचनाइतकीच थैली उपासनेत पहिल्यापासून आहे. तिचं तोंड कुणीकडं होतं तेवढं बघ.

आणि ते देणारे कोण होते? पौल करिंथच्या लोकांना मासेदोनियातल्या मंडळ्यांचं उदाहरण देतो. त्या मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी द्यायला आम्हाला परवानगी द्या म्हणून त्यांनी पौलाला गळ घातली. परवानगी द्या! मोठी फी, मोठा हप्ता संपला की मग देऊ, असं म्हणणाऱ्याची पाळी कधी येतच नाही, हे मी बंगल्यात राहणाऱ्यांच्या घरी चहा घेताना पाहिलंय. उलटही पाहिलंय. मेथडिस्ट पंथाचा पाया घालणाऱ्या जॉन वेस्लीनं अशा एका माणसाचा हिशेब सांगितलाय ज्याला वर्षाला ३० पौंड मिळायचे, तो २८ मध्ये भागवून दोन द्यायचा. पुढं ६० मिळाले तरी खर्च २८, दिले ३२. मग ९० मिळाले, तरीही २८. तो माणूस वेस्ली स्वतःच होता असं मानतात. तुझ्या नवऱ्याचा पगार वाढेल तेव्हा हे आठव. आत्ता तुमचं ३० पौंडांचं वर्ष चालू आहे, तर दोन पौंडांची सवय मोडू देऊ नका, एवढंच.

सासूबाईंची मूठ ही तसलीच सवय. मिझोरमच्या मंडळ्यांत ती शंभराहून अधिक वर्षं आहे. तिथल्या बाया भात शिजत घालण्याआधी मूठभर तांदूळ वेगळा काढतात. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. तो तांदूळ मंडळीकडं जमतो, विकला जातो आणि त्यातून मिशनच्या कामाला मोठा पैसा उभा राहतो. ज्या घरात रोकड नाही त्या घरातही जेवण तर शिजतंच, आणि जेवण शिजतं तेव्हा मूठही निघते. तुझ्या सासूबाईंना हे कोणी शिकवलं ते विचारलंस का कधी? त्यांच्या आईनं, की एखाद्या पाळकिणीनं? आणि डबा भरला की तो जातो कुठं? तुझ्या पत्रात ते नाही, त्यावरून वाटतं तुला माहीत नसावं. मी अंदाज करत नाही, विचार त्यांना.

दरिद्री विधवेची गोष्ट तू मुद्दाम लिहिली नाहीस, पण मनात असणारच. प्रत्येक हंगामाच्या सणाला ती वाचली जाते. आपल्या जुन्या भाषांतरातल्या त्या 'दोन टोल्या', म्हणजे मंदिराच्या दानपेटीत टाकलेली दोन अगदी क्षुल्लक नाणी. मी चाळीस वर्षं तिच्यावर विचार करते आहे. ती ओवी सुरू होण्याच्या जरा आधी येशू म्हणतो की शास्त्री लोक विधवांची घरं गिळंकृत करतात. लगेच एक विधवा येऊन असेल नसेल ते टाकते. येशू तिला थांबवत नाही आणि शाबास, असंच करत जा, असंही म्हणत नाही. शिष्यांना जवळ बोलवून दाखवतो फक्त. मी तरुण असताना ह्याचा अर्थ एवढाच घ्यायची की तिच्यासारखं द्या. आता मला तिच्या देण्यापुढं हातही जोडावेसे वाटतात आणि तिच्या ताटात काही उरलं नाही ह्याचा त्या मंदिरातल्या लोकांना जाबही विचारावासा वाटतो. दोन्ही एकदम. तुझ्या मंडळीत ती गोष्ट वाचून वर्गणी वाढवत असतील तर तू त्याआधीची, विधवांच्या घरांची ओवी वाचायला सांग.

आता कामाचं.

यादी वाचण्याबद्दल. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, हे येशूचे शब्द माइकवरून यादी वाचणाऱ्यांनाही पाठ असतात. वाद घालू नकोस. तुझ्यासारख्या चार-पाच घरांनी मिळून पंच कमिटीला साधा अर्ज द्या, की नावं नकोत, एकूण जमा किती आणि खर्च कशावर झाला ते वाचा. उलटं चाललंय सगळीकडं: देणाऱ्याचं नाव उघडं, खर्चाची वही बंद. पौल स्वतः मदतीचा पैसा घेऊन जाताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, कोणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून, आणि ते लिहूनही ठेवतो. तुमची मंडळी विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर कायद्यानंही दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडं पाठवावे लागतात. तेव्हा हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. वार्षिक सभेत उभं राहून माग, आवाज न चढवता.

पण हिशेब मिळेपर्यंत अर्पण बंद, असं करू नकोस. त्या थैलीतून देवळाचं लाइट बिल जातं, शब्बाथ शाळेच्या पोरांची बिस्किटं येतात आणि पाळकाचा पगार होतो. पूर्ण पगारावर दशमांश सांगणाऱ्या तुझ्या पाळकसाहेबांच्या पोरीची फीसुद्धा कदाचित थकलेली असेल. हे त्यांच्या चुकीचं समर्थन नाही. त्या घरातून मी आलेय म्हणून सांगते, तिथला डबाही वीस तारखेला वाजतो.

शनिवारी रात्री तिघं बसा. तिघं म्हणजे सासूबाईसुद्धा. मुलीलाही बसवलंस तर उत्तम, सोळा वर्षांची पोर आहे, तिला घरातला पैसा कसा जातो ते कळू दे. ३३-३४ हजारांतून भाडं, किराणा, गॅस, औषधं, फी बाजूला ठेवा. मग आकडा तुम्हीच ठरवा. सध्या हजार निघाले तर हजार. त्यातला काही भाग मंडळीत द्या, पाकिटावर नाव न घालता. काही भाग घरात ठेवा, ओळखीतल्या कोणाच्या औषधाला, कोणाच्या एसटीच्या भाड्याला. हा दुसरा भाग विसरू नका. तुझ्या नवऱ्याला टाळ्यांची सवय लागली असेल तर त्याची ती मोडायला हा भाग उपयोगी पडेल. त्याच्या हातानं द्यायला लाव, कोणाला न सांगता. पहिल्या एक-दोन वेळा जड जाईल त्याला. आणि पुढच्या वर्षी लिलावाला जाण्याआधी घरातच ठरवा, पाचशे म्हणजे पाचशे. बँकेतले साहेब सहा हजार म्हणाले तर तुम्ही सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी घरात असतील तर काढून वाच. नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठे संत वृत्तीचे, पण हात असा सैल की संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. त्या चिडतात, भांडतात, आणि सांगताना हसवतातही. आपल्या नगरमध्येच राहिलेली माणसं ती. मला त्यांच्यात बरं वाटतं ते एवढ्यासाठी, की नवऱ्याच्या सैल हातानं पोळलेल्या त्या बाईचं दार पुढंही दुसऱ्याला बंद झालं नाही. तुझ्या नवऱ्याला मी टिळकांच्या पंगतीला बसवत नाही हं, कवींचं वेगळं असतं, भोपळ्याचं वेगळं.

सासूबाईंची माफी माग. पाया पडून वगैरे नाटक नको. उद्या कणीक मळायला घेशील तेव्हा पलंगाखालून तो डबा काढ, पुस, ओट्यावर त्याच्या जागी ठेव, आणि पहिली मूठ तूच टाक. त्या बघतील. काही बोलल्या नाहीत तरी चालेल.

आणि भोपळ्याचं काय केलंत ते तू लिहिलंच नाहीस. चांगला पिकलेला असेल तर महिन्या-दोन महिन्यांत काही होत नाही त्याला. रागानं कोपऱ्यात टाकून ठेवला असशील तर आण बाहेर. गूळ घालून घारगे कर, साडेसहा हजारांचे आहेत म्हणून जरा तूपही सोड. अर्धे घरात ठेव, अर्धे शेजारी-पाजारी पाठव. बँकेतल्या साहेबांच्या घरीही चार दे, नवऱ्याच्याच हातानं.

तुझी,
काकू